बकरीची किंमत

प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या माणसानं पहिला खेळ कोणता लिहावा, असं विचारलं की बहुतेक पुस्तकं फुली-गोळ्याकडे बोट दाखवतात. नऊ घरं, दोन खेळाडू, विषय संपला. मला त्यात राम वाटला नाही. दोघंही नीट खेळले तर फुली-गोळ्यात कोणीच जिंकत नाही, हे शाळकरी पोरांनाही लवकरच कळतं आणि मग ती पाटी बाजूला टाकतात. बुद्धिबळ घ्यावं, तर इथं त्याचे जाणकार फार. अमरावतीनं स्वप्निल धोपाडेसारखा ग्रँडमास्टर दिला, पलीकडच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. शिवाय घोड्याची अडीच घरं, कॅसलिंग, प्याद्याची बढती हे सगळं नवशिक्याच्या गळ्यात मारणं म्हणजे छळच. मी वाघ-बकरी घेतली.

ओट्यावर खडूनं आखायचा हा पट. पाच आडव्या रेघा, पाच उभ्या, आणि त्यांवर तिरप्या. पंचवीस ठिकाणं. चार वाघ चार कोपऱ्यांत, वीस बकऱ्या हातात. बकरीवाला पाळीपाळीनं एकेक बकरी मांडतो, सगळ्या मांडून झाल्या की मग त्या सरकतात. वाघ बकरीवरून उडी मारून पलीकडच्या मोकळ्या ठिकाणी गेला की बकरी गेली. पाच बकऱ्या मारल्या की वाघ जिंकला. चारही वाघ हलता येईनासे कोंडले की बकऱ्या जिंकल्या. नेपाळात याच मांडणीला बाघचाल म्हणतात. तमिळ मुलखातल्या आडु-पुलि आट्टममध्ये पट वेगळा, वाघ तीन आणि बकऱ्या पंधरा. खेळाचं कुळ एकच, घराणी निराळी.

पायथॉनमध्ये हा पट म्हणजे पंचवीस खणांची एक यादी, शून्यापासून चोवीसपर्यंत. मोकळ्या ठिकाणी टिंब, वाघाच्या जागी ‘वा’, बकरीच्या जागी ‘ब’. गोम तिरप्या रेघांत आहे. त्या प्रत्येक ठिकाणाहून निघत नाहीत, एकाआड एक ठिकाणाहून निघतात. म्हणून मधल्या ठिकाणाला आठ शेजारी, पण त्याच्या लगत वर-खाली किंवा उजव्या-डाव्या बाजूला असलेल्या ठिकाणाला चारच. ओट्यावर खेळताना हे कोणी शिकवत नाही, रेघ दिसते आणि बोट तिच्यावरून सरकतं. संगणकाला रेघ दिसत नाही. त्याला सांगावं लागतं की ओळीचा आणि स्तंभाचा आकडा मिळवून बेरीज सम आली तरच तिरपं जा. एवढ्या एका वाक्यात सगळ्या तिरप्या रेघा बसतात. ओट्यावरचा तो पट पहिल्यांदा आखणाऱ्याला गणित येत असो वा नसो, त्याच्या हातात ते होतं.

पाळीपाळीच्या खेळाचं नवशिक्याला मोठं सुख असं की त्यात घाई नाही. धावण्या-उडण्याच्या खेळात सेकंदाला साठ वेळा चित्र बदलावं लागतं. इथं ‘पाळी’ नावाचं एक व्हेरिएबल असतं, त्यात ‘वाघ’ नाहीतर ‘बकरी’, आणि चाल झाली की ते उलटतं. मधल्या वेळात चहा करून घ्या, दळण टाकून या, संगणक जागचा हलत नाही. माणसांत असा सोशिक भिडू मला अजून भेटायचा आहे.

खरी मजा सुरू होते ती संगणकालाच एका बाजूनं बसवल्यावर. पहिल्या चालीला बकरीला एकवीस ठिकाणं मोकळी. उत्तरात वाघांच्या साधारण बारा चाली. म्हणजे दोन चालींतच अडीचशे पट झाले. पाच चालींपर्यंत गेलं की आकडा दहा लाखांच्या पलीकडे. सगळं पाहणं शक्य नाही, म्हणून दोन-तीन चालींवर थांबायचं आणि तिथं जो पट दिसेल त्याला गुण द्यायचे. क्लॉड शॅनन यांनी १९५० साली बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकावर लेख लिहिला, त्यातही हाच मार्ग होता: वजिराला ९, हत्तीला ५, उंटाला आणि घोड्याला ३, प्याद्याला १.

आता वाघ-बकरीत काय द्यायचं? मेलेल्या बकरीचे किती गुण, कोंडलेल्या वाघाचे किती? बकरी स्वस्त ठेवली की यंत्र बकऱ्या उधळतं. एक वाघ अडकवायला दोन बकऱ्या खुशाल पुढं घालतं. बकरी महाग केली की ते इतकं घाबरतं की बकऱ्या काठाला चिकटून बसतात आणि वाघ मध्ये मोकळे हिंडतात. दोन्हीकडे यंत्राचा हिशेब अगदी चोख असतो. भाव ठरवणारा मात्र मी. अमरावती जिल्ह्यात हा प्रश्न पटापुरता राहत नाही. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ जागांत आपलं मेळघाट होतं. तिथल्या गावात वाघानं बकरी उचलली की पंचनामा होतो आणि वनखातं भरपाई देतं. म्हणजे तिथंही कोणीतरी बकरीपुढं एक आकडा लिहितंच. तो वाढवा, कमी करा, माणूस आणि जंगल यांच्यातला सगळा डाव बदलतो. संगणकावर मला हे दोन मिनिटांत बदलून पाहता येतं, धारणी-चिखलदऱ्याच्या माणसाला येत नाही.

आमच्या शेजारचे काकाजी या खेळात मुरलेले. ते यंत्राविरुद्ध बसले, बकऱ्या त्यांच्याकडे. “काठाकाठानं भरत जाय,” एवढंच म्हणायचे. का, ते सांगायचे नाहीत. कारण यंत्रानं सांगितलं. दोनच चाली पुढं बघायला लावून त्याला बकऱ्या दिल्या, तर तेही काठच धरू लागलं. पटाबाहेर उडी घेता येत नाही, म्हणून काठावरची बकरी फक्त काठाच्या रेघेवरूनच मारता येते, आणि कोपऱ्यातली तर कुठूनच नाही.

तिसऱ्या डावात काकाजींनी पट असा आवळला की वाघाला मारायला बकरी उरली नाही. यंत्रानं एक वाघ उजवीकडे नेला, पुढच्या पाळीला डावीकडे आणला, परत उजवीकडे. नियमात बसत होतं, गुणही घटत नव्हते. काकाजींनी चष्मा कपाळावर चढवला.

“काहून रे बाबू, वाघ येडा झाला का तुया? तेच ते करून रायला!”

“काकाजी, नियमात मनाई नाही ना.”

“नियमात कायले पाहिजे? आमी पोरं असतानी असं कोनी केलं त पट पुसून टाको.”

बाघचालच्या नियमांत हे लिहिलेलं आहे: सगळ्या बकऱ्या मांडून झाल्यावर तोच पट पुन्हा येता कामा नये. ओट्यावर ते काम पट पुसणारा हात करायचा. मी झालेल्या पटांची यादी ठेवली आणि आलेला पट पुन्हा आला की ती चालच बाद केली. कोडच्या चार ओळी वाढल्या. काकाजींचा हात त्यात आला असं मी म्हणतो, ते मानत नाहीत.

बाघचालचा पूर्ण हिशेब संगणकानं आधीच मांडलेला आहे: दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो. ओट्यावर कोणी अचूक खेळत नाही, त्यामुळे या निकालानं आपलं काही बिघडत नाही. बिघडतंय ते दुसरीकडे. वऱ्हाडातल्या घराघरांत हा खेळ ज्या नियमांनी चालला, ते नियम सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि बहुतेकांचे नियम कुठंच लिहिलेले नाहीत. तुमच्या आजीला किंवा मामाजींना या आठवड्यात विचाराच: वाघ किती, बकऱ्या किती, आणि एका पाळीत वाघाला दोन बकऱ्या मारता येतात की नाही. उत्तर आलं की त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा. पायथॉन पुढच्या महिन्यात शिकलात तरी चालेल.