थेंब खाली, दोष वर

आमची गाडी वीस वर्षांची. अब्बांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे ते तिच्यातूनच. तिच्याखाली तेल ठिबकू लागले तेव्हा एका मेकॅनिकने थेट इंजिन उतरवायला सांगितले. तेवढे पैसे आणि तेवढे दिवस, दोन्ही आमच्याकडे नव्हते.

आम्ही रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. डाग काळपट आणि चिकट, म्हणजे इंजिन ऑइलच. मग थंड इंजिन बाहेरून पुसून कोरडे केले, गाडी थोडी फिरवली आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत गेलो. तेल ओघळते, वाऱ्याने मागे पसरते. म्हणून जिथे ठिबकते तिथेच दोष असतो असे नाही. सर्वांत वरचा ओलावा टॅपेट कव्हरच्या कडेला होता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबरी गॅस्केट कडक होऊन चिरते.

दुसऱ्या मिस्त्रींनी आधी ब्रीदर पाइप साफ केला. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि नवे सीलही तेल सोडते. नंतर गॅस्केट बदलून बोल्ट बेतानेच आवळले. इंजिन उतरवावे लागले नाही.

आता दर शुक्रवारी जुम्याला निघण्याआधी आम्ही डिपस्टिक पाहतो. गळती थोडी थांबून शोधता येते. पण तेल फार कमी असताना गाडी चालवली तर इंजिन जाम होऊ शकते.