जिवंतपणाची परीक्षा

आपल्या महाविद्यालयातल्या बहुतेकांनी शेवंड पाहिली असेल ती ताटात किंवा चित्रात. आणि दोन्हीकडे ती तांबडीभडक असते. पण तो रंग शिजल्यानंतरचा. आमच्या किनाऱ्यावर जाळ्यातून नुकतीच निघालेली शेवंड हिरवट करडी असते आणि तिच्या शेपटीवर पांढरट आडवे पट्टे असतात. परदेशी चित्रांत दिसतात तशा नांग्याही तिला नसतात. काटेरी पाठ, दोन लांबलचक मिशा आणि शेपटीचा एक फटका, एवढ्या भांडवलावर ती समुद्रात संसार करते.

माझा मामा रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शेवंडी गोळा करून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे पाठवतो. तिथून त्या विमानाने परदेशी जातात, त्याही जिवंत. मेलेल्या शेवंडीला जिवंतपणीचा भाव कधीच मिळत नाही. म्हणून होडी लागली की मामाचे पहिले काम वजन करण्याचे नसते, परीक्षा घेण्याचे असते. गेली तीन वर्षे सुट्टीत मी त्याची मदतनीस आहे.

आपल्याप्रमाणेच या परीक्षेचेही पेपर ठरलेले आहेत. पहिला पेपर हातात उचलण्याचा. पाठीच्या कवचाला धरून उचलल्याबरोबर जी शेपटी फडफडवते, मिशांच्या मुळाशी कर्रकर्र आवाज करून निषेध नोंदवते, ती पास. जिची शेपटी ओल्या फडक्यासारखी लोंबते, ती नापास. दुसरा पेपर डोळ्यांचा. देठावरच्या डोळ्याला हलकेच बोट लावले की तो चटकन मागे जायला हवा. तिसरा पेपर जखमांचा. पाय सांध्याशी, ठरलेल्या जागी तुटला असेल तर जखम आपोआप बंद होते. भलतीकडे मोडला किंवा कवचाला तडा गेला तर रक्त झिरपत राहते. हे रक्त आपल्यासारखे लाल नसते. त्यात लोहाऐवजी तांबे असते, प्राणवायू मिळाला की त्याला निळसर झाक येते. त्यामुळे ते टोपलीत सांडलेले पटकन दिसत नाही, पाहावे लागते. चौथा पेपर कवचाचा. बाजूने दाबल्यावर ते मऊ लागले, तर तिने नुकतीच कात टाकली आहे. तिला प्रवास सोसणार नाही. शेवटी तराजू. या जातीची ३०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची शेवंड निर्यात करायला २००३ सालापासून बंदी आहे. इथे एटीकेटी नाही.

पास झालेल्यांनाही लगेच प्रवास घडत नाही. त्यांना स्वच्छ, हवा सोडलेल्या खाऱ्या पाण्यात उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत त्या आपल्याच घाणीने गुदमरत नाहीत. मग हळूहळू गार करतात. गारठ्याने त्यांची हालचाल मंदावते, प्राणवायूची गरज कमी होते. कल्ले ओले राहिले तर शेवंड पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते. म्हणून थर्माकोलच्या खोक्यात ओलसर भुशात किंवा कागदात त्यांना गुंडाळतात. बर्फ ठेवायचा तो बंद बाटलीत. वितळलेले गोडे पाणी अंगाला लागले की खेळ संपला.

एकदा मी मामाला विचारले, “हिला दुखत असेल का रे?” तो म्हणाला, “डोळा मागे घेते ना? मग?” पुढे माझ्या वाचनात आले की स्वित्झर्लंडने २०१८ साली अशा प्राण्यांना बर्फावर ठेवून नेण्यास आणि शुद्धीवर असताना उकळण्यास बंदी घातली, आणि ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात त्यांना वेदना जाणणाऱ्या प्राण्यांत गणले. मामाला हे सांगितले तेव्हा त्याला नवल वाटले नाही. हलक्या हाताने धरायला तो मला पहिल्या दिवसापासून सांगत होता.

एका पेपराचे मी अजून सांगितले नाही. शेवंड उलटी करून पोट पाहायचे. तिथे नारिंगी अंड्यांचा घोस असेल तर मामा ती घेत नाही, मग ती कितीही तगडी असो. गेल्या वर्षी शेजारच्या मावशीने अशीच एक आणली. पाऊण किलोच्या आसपासची, हातात धरवत नव्हती. त्यांच्या होडीचे इंजिन बिघडल्याने पंधरा दिवस घरात पैसा आला नव्हता. मामाने मान हलवली. मावशी म्हणाली, “तू नाही घेतलीस तर दुसरा घेईल. ब्रशने अंडी खरवडली की झालं.” आणि तसेच झाले. दोन्ही घरांतले बोलणे महिनाभर बंद होते.

मला राग आला होता. शेवंड वाचली नाही, मावशीला चार पैसे कमी मिळाले, आपण मात्र चांगले राहिलो, असा हा कसला हिशेब? मी तसे बोलूनही दाखवले. मामा बराच वेळ जाळे आवरत राहिला. मग त्याने चपट्या शेवंडीची गोष्ट सांगितली. मिशांच्या जागी फावड्यासारख्या पट्ट्या असलेली ही जात मुंबईच्या समुद्रात एके काळी ट्रॉलरच्या जाळ्यांत भरपूर मिळे. अंड्यांवरच्या माद्याही निघाल्या, लहानगीही निघाली. कुणी परत टाकली नाहीत. १९९४ च्या सुमारास ती मासेमारी बसली. “तेव्हाही जो तो हेच म्हणत होता, मी नाही तर दुसरा,” मामा म्हणाला.

माझा हिशेब त्याने पूर्ण सुटला असे नाही. एका मादीच्या पोटाखाली लाखांनी अंडी असतात हे खरे, आणि मावशीच्या घरात त्या दिवशी तेल नव्हते हेही खरे. पण प्रकृती पाहणे म्हणजे हातातली शेवंड उद्या विमानात जगेल की नाही, एवढेच पाहणे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

या दिवाळीत मामाचा हात दुखावला होता, म्हणून परीक्षक मीच होते. मावशी सहा शेवंडी घेऊन आली. मी चार घेतल्या. एक कवचाने मऊ होती; दुसरीच्या पोटाखाली नारिंगी घोस होता. मी काही बोलण्याआधीच मावशीने ती दुसरी उचलली, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पदर खोचून ती पाण्याच्या दिशेने चालू लागली.