किर्लोस्करवाडीचं तिकीट आणि चार लाखांचा प्रश्न

शुक्रवारी रात्री साडेअकराला मैत्रिणीचा मेसेज आला. ‘गाळा फायनल करू या ना? सोमवारी डिपॉझिट द्यायचंय.’ पुढे दोन कणसांचे इमोजी. (नाचणीचा इमोजी अजून कुणी काढलेला नाही, नाहीतर तोच आला असता!)

आमचा धंदा असा : ऑफिसमधल्या चार वाजताच्या भुकेसाठी नाचणीचे लाडू, ज्वारीचा चिवडा आणि शेंगदाण्याची चिक्की, एका बॉक्समध्ये. तीन महिने तिच्या कोथरूडच्या किचनमधून चाललंय. आता गाळा घ्यायचा, बोर्ड लावायचा, ओव्हन आणायचा. एकूण चार लाख. हे चार लाख म्हणजे माझी एफडी. सहा वर्षं लोकांची ब्रोशर्स लिहून, पैशांसाठी अकाउंट्सवाल्यांच्या मागे लागून जमवलेली. ती नोकरी सोडणार, किचन सांभाळणार. मी पैसे आणि मार्केटिंग. फिफ्टी-फिफ्टी. कागद? छे हो, कॉलेजपासूनच्या मैत्रिणी आम्ही!

झोप काही येईना. शनिवारी दुपारी कोयना एक्सप्रेस पकडली आणि सरळ किर्लोस्करवाडीला निघाले. आईचे मामा तिथल्या कारखान्याच्या फौंड्रीतून रिटायर झालेत. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. लहानपणी सुट्टीत जायचे तेव्हा हे गाव म्हणजे फक्त भोंगा आणि उसाची कांडकी होतं. धंद्याचं गाव म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

कऱ्हाड गेलं की खिडकीबाहेर ऊस सुरू होतो. मग द्राक्षांचे मांडव. ताकारीनंतर सामान आवरायला घ्यायचं. स्टेशन छोटंसं, उतरणारे मोजके. उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आता एक गोष्ट इमॅजिन करा. 1910 मध्ये या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं आणि भोवती होता निवडुंगाने भरलेला माळ. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हा 32 एकरांचा तुकडा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला. साप निघायचे म्हणे पावलापावलाला. शंतनुराव किर्लोस्करांच्या आत्मचरित्राचं नाव ‘कॅक्टस अँड रोझेस’ आहे, ते उगाच नाही.

ते इथे हौसेने आले नव्हते. बेळगावात त्यांचं वर्कशॉप बरं चाललेलं होतं, पण नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितली. म्हणजे जागेचं टेन्शन तेव्हाही होतंच! लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा, म्हणजे माळावर आले तेव्हा वय वर्षं 40. तिशीच्या आत ‘फाउंडर’ नाही झालो तर आयुष्य संपलं असं वाटणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

त्याआधीचा किस्सा तर मला जास्तच आवडतो. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे.जे.त गेले. रंगांधळेपण लक्षात आलं, रंग सोडले आणि यंत्रांचं ड्रॉइंग शिकले. मग व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. 1888 मध्ये भावांनी सायकलींचा धंदा सुरू केला, पण लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली नाही. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात रामूअण्णा विकायचे. वर चालवायला शिकवण्याची फी वेगळी! हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा कुठे त्यांनी मुंबई सोडली. म्हणजे ‘पगार चालू ठेवून साइड बिझनेस’ हा आपल्या पिढीचा शोध नाही, बॉस.

आबांनी दारातच विचारलं, “अगं, एकटीच? जावई कुठंयत?” जावई अजून अस्तित्वातच नाहीत, हे मी पाचव्यांदा सांगितलं. चहा झाला आणि आम्ही कारखान्याच्या गेटपर्यंत फिरायला निघालो. आत आता पंप बनतात. 2018 मध्ये थायलंडच्या गुहेत ती मुलं अडकली होती, आठवतं? तिथे पाणी उपसायला मदत करणाऱ्यांत किर्लोस्कर ब्रदर्सची टीमही होती. आबांनी हे मला तीन वेळा सांगितलं, जणू ते स्वतः गुहेत उतरले होते.

मी बॉक्सबद्दल बोलले. रेट 180, खर्च 130, एका बॉक्समागे सुटतात 50. आबा म्हणाले, “गाळ्याचं भाडं किती?” अठरा हजार. त्यांनी बोटांवर हिशोब केला. “म्हंजे साडेतीनशेच्या वर डबे निस्त्या भाड्यालाच गेले की गं. आजपतूर किती विकलेस?”

चौसष्ट. तीन महिन्यांत.

“त्यातले परत मागायला किती आले?”

इथे मी जरा चाचरले. एकसष्ट जणांनी घेतले. परत मागवले तिघांनी. बाकीचे 58 म्हणजे कॉलेजचा ग्रुप, मैत्रिणीचं ऑफिस, माझी मावशी, जिमवाल्या. सगळ्यांनी इन्स्टाग्रामवर फोटो टाकला, ‘यम्म’ लिहिलं आणि विषय संपला.

आबा थोडा वेळ गप्प चालले. मग म्हणाले, “साच्यातली वाळू ओली राहिली न्हवं, की ओतलेल्या लोखंडात फुगे धरतात. वरनं काय बी कळत न्हाई, चकचकीत दिसतंय. मशीनवर चढवलं की आत पोकळ. ते परत वितळवायचं. लोखंड तेवढं परत मिळतं, कोळसा आन् मजुरी गेली ती गेली.”

मग त्यांनी नांगराची गोष्ट काढली. इथल्या प्रत्येक घरात ती आहे. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला, पण शेतकरी हात लावीनात. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! आम्ही तीन महिन्यांत बोर्डाचा फॉन्ट ठरवून मोकळ्या झालो होतो. त्या काळात वर्कशॉप तगलं ते आधीच्या मालावर, मुख्यतः कडबा कापायच्या यंत्रावर. आमच्याकडे कडबा कापायचं यंत्र कोणतं, हा प्रश्न मला रात्रभर पुरला. एकच उत्तर सुचलं : तिचा पगार आणि माझी ब्रोशर्स.

नंतर पहिलं महायुद्ध आलं, परदेशी माल बंद झाला आणि देशी नांगराला मागणी आली. मागणी आली तर कच्चं लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं आबा सांगतात. 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून. शंकररावांनी त्याचं असं मासिक केलं की मालाची जाहिरात राहिली बाजूला आणि घराघरांत लोक वाचायला लागले. 1930 मध्ये ‘स्त्री’ही निघालं. आज आपण ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणून ज्याचे कोर्सेस करतो, ते या माळावर शंभर वर्षांपूर्वी चाललं होतं. पत्रकार म्हणून मला जरा लाजच वाटली.

सगळंच गुलाबी नाही हं. गांधीहत्येनंतर 1948 मध्ये उसळलेल्या दंगलीत कारखाना जाळला गेला. तो पुन्हा उभा राहिला. पण माझ्या मनात अडकली ती अगदी अलीकडची गोष्ट. कुटुंबात 2009 मध्ये लेखी करार झाला, तरी पुढच्या पिढीतला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2021 मध्ये कोर्टाने मध्यस्थीचा सल्ला दिला. कागद असून ही गत. आमच्याकडे तर नाचणीचं पीठ सोडून काहीच नव्हतं.

रात्री आबांच्या ओट्यावर बसून मी फोनवर यादी केली. त्यात एक ओळ कामाची आहे, तुमच्यापैकी कुणी कंपन्यांना माल देत असाल तर बघा. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे 45 दिवसांच्या आत देणं खरेदी करणाऱ्यावर बंधनकारक आहे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. कायदा 2006 चा आहे. आम्हाला एका ऑफिसची ऑर्डर मिळाली होती, ‘नव्वद दिवसांनी पेमेंट’ म्हणाले आणि आम्ही खुशीत हो म्हणून बसलो! तोवर शेंगदाणे काय हवेवर आणायचे?

रविवारी सकाळी परतीची कोयना. आबा स्टेशनवर सोडायला आले, पिशवीत चार ऊस आणि काकूंनी दिलेल्या भाकऱ्या. पैशांबद्दल काही बोलले नाहीत. गाडी आली तेव्हा एवढंच म्हणाले, “पुढच्या येळी ते डबे घेऊन ये. खाऊन तरी बघू.” मी तीन महिने धंदा करतेय आणि त्यांना एकही बॉक्स पाठवला नव्हता.

गाडी सुटल्यावर मैत्रिणीला लिहिलं, ‘गाळा नको. नोकरी सोडू नकोस. एफडी मोडत नाहीये. सोमवारी डिपॉझिटऐवजी पार्टनरशिपचा कागद करू.’ दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

साताऱ्याच्या आसपास तिचा फोन आला. चिडली होती. गाळ्यापेक्षा कागदाचंच जास्त लागलं होतं. “माझ्यावर विश्वास नाही का तुझा?” मी म्हटलं, आहे, म्हणून तर आत्ता करू या म्हणतेय. ती बराच वेळ बोलली नाही. मागे तिच्या मिक्सरचा आवाज येत होता.

“मग आता करायचं काय?” शेवटी ती म्हणाली.

“ज्यांनी परत मागवलं नाही, त्या सगळ्यांना फोन. का नाही मागवलं, एवढंच विचारायचं.”

“अठ्ठावन्न जणांना?”

“एकोणतीस तुझे, एकोणतीस माझे.”

“जिमवाल्या तुझ्याकडे,” ती म्हणाली.