मुलाम्याची निगा

ग्वाल्हेरच्या आमच्या घरी पणजोबांच्या काळचे, निकेलचा मुलामा दिलेले, परवान्याचे एक रिव्हॉल्व्हर आहे. खंडेनवमीच्या पूजेत ते आरशासारखे लखलखावे, हा तरुणांचा आग्रह मी मानीत नाही. निकेल सहसा गंजत नाही; परंतु त्याचा थर अत्यंत पातळ. घासण्याच्या पुडीने तो झिजतो आणि कोरलेली अक्षरेही बोथट होतात. कित्येकदा त्याखाली तांबे असते. अमोनियायुक्त द्रव एखाद्या चिरेतून आत शिरला, की ते विरघळून मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून मी मऊ कापडाने तेलाचा पुसट हात तेवढा फिरवितो. ओल धरणाऱ्या चामडी पिशवीत ते ठेवीत नाही. नवा मुलामा केव्हाही चढविता येईल. पण पणजोबांच्या तळहाताने झिजलेली कड त्याखाली कायमची झाकली जाईल.