दोन प्रती

चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी नवे शिकावेसे वाटते. कोणी पेटी शिकतो, कोणी होमिओपॅथीची पुस्तके आणतो. मी तबकड्या वाजवायला शिकतो आहे. "त्यात शिकायचे काय? सुई ठेवली की वाजते!" असे आमच्या स्टाफरूमचे मत पडले. मराठीच्या प्राध्यापकाने 'डीजे' व्हावे याचे दुःख मात्र संस्कृतच्या सरांना अधिक झाले.

पण वाचकहो, सुई ठेवणे ही केवळ मुळाक्षरे. दोन फिरत्या थाळ्या, मध्ये मिक्सर, कानाला हेडफोन. पहिले गाणे लोक ऐकत असतात. दुसरे फक्त आपल्या कानात. दुसऱ्याची लय पहिल्याशी जुळवून, कोणाच्या ध्यानात न येता एकातून दुसऱ्यात शिरायचे. त्यासाठी थाळीशेजारी वेगाची कळ असते. पण लय वाढली की सूरही चढतो, ही यातली गोम. सुमारे 6 टक्के वेग वाढवला, की काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोनमध्ये जाते! माझे गुरू (वय 23, नात्याने भाचा) म्हणतात, "मामा, दोन टक्क्यांच्या आत राहा." गाणाऱ्याचा मान राखण्याची ही रीत मला आवडली.

तबकडीखाली फेल्टची गुळगुळीत चकती असते. त्यामुळे तबकडी बोटाने धरली तरी खालची थाळी फिरतच राहते. बोट सोडले, की गाणे नेमक्या मात्रेवर सुरू.

या विद्येच्या आद्य पुरुषांपैकी एक कूल हर्क. जन्म जमैकाचा, कर्मभूमी न्यूयॉर्कचा ब्रॉंक्स भाग. 11 ऑगस्ट 1973 रोजी त्याच्या बहिणीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला राहत्या इमारतीत जलसा भरवला आणि तबकड्या याने वाजवल्या. गायक थांबून नुसता ताल उरला, की नाचणारे खरे पेटतात, हे त्याने हेरले होते. लावणीत ढोलकीचा तुकडा आला की फेटे उडतात, तसेच! पण तो तुकडा क्षणात संपतो. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती घ्यायच्या. एकीवर तुकडा वाजतो आहे, तोवर दुसरी मागे फिरवून ठेवायची.

हे मी आईला सांगत होतो. अण्णा गेल्यापासून तीन वर्षे तिने त्यांची तबकड्यांची पेटी कोणाला उघडू दिली नव्हती. अण्णांच्या राज्यात तबकडीला बोट लावणे हा गुन्हाच. ती कडेने, दोन तळहातांत धरायची. आई उठली, पेटी उघडली आणि एकाच भावगीताच्या दोन तबकड्या माझ्यापुढे ठेवल्या. एकीच्या वेष्टनावर अण्णांची सही, दुसरीवर आईचे माहेरचे नाव.

"लग्नाआधी दोघांनी आपापली घेतलेली. एक विकून टाकू म्हणाले. मी नको म्हटले."

त्या गाण्यात सतारीचा जेमतेम आठ सेकंदांचा तुकडा आहे. मी एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून पुन्हा पहिलीवर जाऊ लागलो. आठाचे सोळा झाले, सोळाचे मिनिट. खरखर वाढली की आई म्हणे, "ही माझी." खरखर गेली की गप्प. गाणारी बाई तिकडे ताटकळत उभी! शेवटी भाच्याने खूण केली, आता गाणे पुढे जाऊ दे.

"एवढ्यात नको," आई म्हणाली.