टिंबाआधीचे शून्य

औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी प्रात्यक्षिके शिकवतो. राहतो कोगनोळीत. सकाळी हमरस्त्यावर येऊन निपाणीकडची गाडी पकडायची, हा रोजचा क्रम. लहानपणी गावात डॉक्टरांकडचे कंपाउंडर गुलाबी मिक्श्चरच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. आमची आत्या बाटली न हलवताच प्यायची. शेवटच्या डोसाला तळचा सगळा गाळ तिच्या पोटात जायचा. ‘हलवून घ्यावे’ हे शब्द मी वर्गात दहादा सांगतो, ते तिच्यामुळे.

त्या दिवशी कॅलामाईन लोशन होते. १०० मिलिलिटरसाठी कॅलामाईन १५ ग्रॅम, झिंक ऑक्साइड ५, बेंटोनाइट ३, सोडियम सायट्रेट अर्धा ग्रॅम, ग्लिसरीन ५ मिलिलिटर आणि पातळ केलेले फिनॉल अर्धा मिलिलिटर. पावडरी खलात एकजीव करायच्या, सायट्रेटचे पाणी थोडेथोडे घालत घोटायच्या. घाई केली की गुठळ्या धरतात आणि मग कितीही घोटा, त्या जात नाहीत. ग्लिसरीनची बाटली हातात आली, की मी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातली १९८६ सालची हकिकत सांगतो. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. १४ रुग्ण दगावले. बाटलीवरच्या नावावर विसंबू नका, असे त्या दिवशीही मी मोठ्या आवाजात सांगितले.

आणि माझ्याच मागे फळ्यावर मी फिनॉलपुढे नुसते ‘.५’ लिहिले होते. खडूचे टिंब ते! हात पुसता पुसता केव्हा गेले, कळलेच नाही.

चिकोडीकडचा एक मुलगा उठला. “ऐदा सर, अर्धाना?” मी वळून पाहिले आणि माझ्या पोटात धस्स झाले. फळ्यावर स्वच्छ ‘५’ होता.

बाकीची मुले अजून खलाशीच होती. आमच्या गावचीच एक मुलगी मात्र हाताने चपळ. तिचे लोशन बाटलीत भरून, बूच लावून तयार. दहापट फिनॉल! मोजताना एक थेंब बोटावर पडला होता, तिथली कातडी पांढरी पडलेली. “दुखत न्हाई सर, बधिर झालंय,” ती म्हणाली. फिनॉलचे हेच तर वाईट. भाजते आणि कळू देत नाही. नळाखाली बराच वेळ हात धरायला लावला.

बाटली मागितली, तर ती देईना. खाली मान घालून म्हणाली, “आईला न्यायचं हुतं. वखारीत तंबाखू निवडून हाताला खाज सुटत्या तिच्या.”

प्रयोगशाळेतले औषध घरी न्यायचे नाही, हा नियम तिला माहीत होता. पण त्या वेळी तिला रागवायला माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाटली घेतली, आतले लोशन निराळ्या बरणीत ओतले आणि वर्गाला सांगितले, चूक माझी आहे. फळा पुसून ‘०.५’ लिहिले, शून्य जरा मोठेच निघाले.

पुढच्या आठवड्यात तिने लोशन पुन्हा केले. छान गुलाबी, गुठळी नाही. लेबलवर मराठीत ‘हलवून वापरावे, फक्त बाहेरून लावण्यासाठी’ आणि खाली त्या चिकोडीच्या मुलाकडून कानडीत ‘अल्लाडिसि’ लिहून घेतले. बाटली तिने आपण होऊन कपाटात ठेवली.

संध्याकाळी गाडीत ती पुढच्या बाकावर होती. विचारले, “आईच्या हाताला काय लावतेस आता?”

“खोबरेल, सर. आयतवारी दवाखान्यात नेणार हाय.”