ड्रॉ सोपा कुणाला?

इंदूरमध्ये टेनिसचा दिवस भलत्याच वेळी उगवतो. जानेवारीत मेलबर्नला पहिला चेंडू उडतो तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. न्यूयॉर्कचं रात्रीचं सत्र सुरू होतं तेव्हा तर साडेचारच. पोह्यांच्या गाड्यांवर पहिली वाफ धरते तेव्हा तिकडे कुणाचा तरी तिसरा सेट रंगात आलेला असतो. क्रिकेटच्या या गावात टेनिसवेडे थोडे, पण जे आहेत ते कडवे. जलेबी संपायच्या आत त्यांचा निवाडा झालेला असतो आणि त्यातलं एक वाक्य ठरलेलं: भिया, त्याला ड्रॉच सोपा मिळाला होता! हरलेल्याच्या बाजूने बोलायचं असलं की हे वाक्य हमखास येतं आणि मग वाद थांबतो. तो तिथे थांबू नये असं मला वाटतं. ड्रॉ सोपा की अवघड हे मानांकनाच्या आकड्यांवरून कळतच नाही. समोरच्याचा खेळ आपल्या खेळाला कुठे टोचतो, यावरून ते ठरतं. निकाल वाचून बोलणाऱ्याला हे दिसत नाही, खेळाचा बाज ओळखणाऱ्याला दिसतं.

ड्रॉमध्ये नशीब असतंच, पण वाटतं तेवढं मोकाट नसतं. ग्रँड स्लॅममध्ये 128 खेळाडू, त्यातले 32 मानांकित. पहिला आणि दुसरा विरुद्ध अर्ध्यांत, तिसरा-चौथा कुठल्या अर्ध्यात जाणार ते चिठ्ठीवर. म्हणजे व्यवस्थेने बलवानांना एकमेकांपासून लांब ठेवलेलं असतं, आणि ‘बलवान’ म्हणजे मागच्या वर्षभरात ज्याने गुण साठवले तो. कोण कुणाला नकोसा आहे याची नोंद त्या कागदावर नसते. 2009 च्या फ्रेंच ओपनमध्ये नदाल तिथले सलग 31 सामने जिंकून चौथ्या फेरीत सोडरलिंगसमोर आला. काही आठवड्यांपूर्वी रोममध्ये त्याने याच सोडरलिंगला 6-1, 6-0 असं उडवलं होतं. निकालांच्या वहीप्रमाणे हा पेपर फुटलेलाच होता. पण सोडरलिंगचे सपाट, जोरकस फटके त्या दिवशी नदालच्या उंच उसळणाऱ्या चेंडूंना खांद्याच्या उंचीवर गाठून परत येत राहिले, आणि पॅरिसमध्ये नदाल पहिल्यांदा हरला. मग फेडररने ती स्पर्धा जिंकली, तर म्हणे ड्रॉ मोकळा झाला. त्या मोकळ्या ड्रॉमध्ये तो हासविरुद्ध दोन सेट मागे होता आणि डेल पोत्रोविरुद्ध पाच सेट झुंजला, हे बोलणाऱ्याच्या लक्षात नसतं.

उलटं उदाहरण जवळचंच, पुण्याचं. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांचं एक पाऊल पुण्यात असतं, त्यामुळे बालेवाडी इथे परकी नाही. चेन्नईची एटीपी स्पर्धा 2018 साली बालेवाडीला आली आणि पहिल्याच वर्षी बिगरमानांकित जिल सिमोन जिंकला. वाटेत त्याने बाउटिस्टा आगुत, चिलिच आणि अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन यांना हरवलं, म्हणजे स्पर्धेतले पहिले तिन्ही मानांकित. कागदावर याहून वाईट ड्रॉ तो काय असणार? पण सिमोन हा दुसऱ्याच्या वेगावर जगणारा खेळाडू. स्वतः जोर लावायचा नाही, समोरच्याचाच जोर वळवून कोपऱ्यात ठेवायचा. चिलिच आणि अँडरसन दोघेही उंच, दोघेही वेग पुरवणारे. हातात जोर नसलेला, चेंडू हळूच टाकत राहणारा एखादा शंभराव्या क्रमांकाचा खेळाडू त्याला कदाचित जास्त जड गेला असता.

यावर आकडेवाले म्हणतील, बाज वगैरे सगळं मागाहून सुचतं, आकडे तेवढे तटस्थ. मला आकड्यांचा राग नाही, ते पुरेसे बारीक नसतात एवढीच तक्रार आहे. फेडरर आणि नदाल 40 वेळा भिडले, नदाल 24, फेडरर 16. इथवर वाचून नदाल श्रेष्ठ म्हणता येईल. तेच आकडे कोर्टानुसार फोडा: मातीवर नदाल 14-2, हिरवळीवर फेडरर 3-1, हार्ड कोर्टवर फेडरर 11-9. डावखुऱ्याचा गिरकी घेत उसळलेला चेंडू फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याच्या वर यायचा तो मातीवर. हिरवळीवर तोच चेंडू खाली राहायचा. म्हणजे आकड्यांनी बाजाचीच साक्ष दिली. आणि 2025 च्या फ्रेंच ओपनचा अंतिम सामना घ्या. अल्काराझ जिंकला, पण एकूण गुण मोजले तर सिनरचे 193, अल्काराझचे 192. साडेपाच तासांच्या त्या खेळातून निकालाच्या ओळीत काय उरलं, ते यावरून समजावं.

जोकोविचचा दाखला मात्र खरोखर अडवतो. त्याने फेडरर आणि नदाल दोघांनाही जास्त वेळा हरवलं आहे. त्याच्यापुढे कुठला बाज टोचणार? हे मान्य करायला हवं की ज्याच्या खेळात भोकच नाही त्याला ड्रॉची फिकीर कमी. तरी 2015 मध्ये पॅरिसला त्याने नदालला उपांत्यपूर्व फेरीत तीन सेटमध्ये संपवलं, डोंगर ओलांडला असं सगळ्यांनी धरलं, आणि अंतिम सामन्यात वाव्रिंका उभा होता. एरवी बहुतेक वेळा जोकोविचच त्याच्यावर जिंकत आला. पण वाव्रिंकाचा बॅकहँड लागायला लागला की जोकोविचची बचावाची भिंतही अपुरी पडे. तो सामना वाव्रिंकाने चार सेटमध्ये घेतला.

बाजाची ही पारख इंदूरला नवी नसावी. मुश्ताक अलींचं हे गाव. 1936 साली ओल्ड ट्रॅफर्डवर मर्चंट आणि मुश्ताक यांनी 203 धावांची सलामी दिली. मर्चंट 114, मुश्ताक 112. धावफलकावर दोन धावांचा फरक, खेळात जमीन-अस्मानाचा. मुश्ताक यांची कसोटी सरासरी 32.21, मर्चंटच्या बरीच खाली. तरी 1945 मध्ये त्यांना वगळल्यावर कलकत्त्याचे प्रेक्षक मुश्ताक नाही तर कसोटी नाही म्हणून अडून बसले. यात भाबडेपणाही होता, हे खरं. आवडता खेळ आणि जिंकणारा खेळ यांत गल्लत करणारा चाहता बाज पाहत नाही, नुसता लळा लावून घेतो. ती गल्लत टेनिसमध्येही रोज होते. फेडररचे चाहते त्यात आघाडीवर.

आणखी एक आक्षेप असा की दूरदर्शनच्या पडद्यावरून बाज कसला कळणार? हा रास्त आहे. कॅमेरा बेसलाइनच्या मागे, उंचावर; चेंडूची उसळी त्यात चपटी होते, गिरकी जवळजवळ नाहीशी. म्हणूनच 2014 साली इंदूर टेनिस क्लबवर झालेली डेव्हिस कपची लढत महत्त्वाची. भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं. आज तो आकडा वाचणाऱ्याला वाटेल, एकतर्फी प्रकार झाला. पण 31 जानेवारीला, शुक्रवारी, सोमदेव देववर्मनचा सामना पाचव्या सेटपर्यंत ताणला, उजेड गेला आणि उरलेला खेळ शनिवारवर ढकलावा लागला. सोमदेवकडे झटपट गुण कमावून देणारी सर्व्हिस नव्हती. पाय होते, दम होता आणि चेंडू पुन्हा एकदा परत पाठवण्याची अमर्याद तयारी होती. अशा खेळाडूला दुबळा प्रतिस्पर्धीसुद्धा लवकर सोडत नाही, कारण तो स्वतःच कुणाला लवकर सोडत नाही. ज्याला हे ठाऊक होतं, त्याने शनिवारची सकाळ मोकळीच ठेवली असणार.